दिवसभर राबते, मग मला कसला योग?

पत्र :

ताई, नमस्कार. मी ४८ वर्षांची, गुहागर तालुक्यात समुद्राकाठच्या गावात राहते. घराच्या वरच्या चार खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. न्याहारी, जेवणं, चादरी, साफसफाई, सगळं माझ्याकडे. मदतीला एक बाई येते, पण लावणीच्या दिवसांत ती येत नाही. यजमान आगर आणि कलमं बघतात. सासूबाई ८१ वर्षांच्या, मुलगा पुण्याला. गेलं वर्षभर कंबर दुखते, उजवा हात खांद्यापासून वर जात नाही, आणि पहाटे तीनला जाग येते ती येतेच. मग डोक्यात हिशेब, सिलिंडर, कुणाची खोली कधी रिकामी होणार, हेच. मोबाईलवर बघून पहाटे पाचला सूर्यनमस्कार आणि कपालभाती सुरू केली. चार दिवस होतं, पाचव्या दिवशी कुणीतरी पाहुणे लवकर निघणार असतात आणि सुटतं. कपालभाती करताना एकदा चक्कर आली. गावातल्या शिबिरात रक्तदाब १४६/९२ निघाला होता, पुढे काही केलं नाही. घरात म्हणतात, ‘दिवसभर राबतेस, तुला वेगळा योग कशाला? काम हाच योग.’ मलाही तसंच वाटायला लागलंय. पण मग मी एवढी थकते का, चिडते का? परवा पाहुण्यांसमोर सासूबाईंवर ओरडले, त्याची लाज अजून जात नाही. कधी वाटतं, उठावं आणि कुठेतरी निघून जावं. गणपती महिन्यावर आलेत, घरात अठरा माणसं असतील. मी काय करू?

उत्तर :

ताई,

पत्रातला एक आकडा आधी घेते, १४६/९२. बाकी सगळं त्याच्यानंतर.

रक्तदाब वेगवेगळ्या दिवशी मोजून १४०/९० किंवा त्याच्या वर सापडत राहिला, तर डॉक्टर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. शिबिरात एकदा मोजल्यावरून ते ठरत नाही. घाईघाईत चालत गेलं, नुकताच चहा झालेला असला, मोजताना कुणाशी बोलत बसलं, तरी तो चढा येतो. पण चढा आलेला आकडा तसाच सोडूनही देता येत नाही, कारण रक्तदाब दुखत नाही. कंबर निदान जाणवते तरी. हा काही न जाणवता हृदय, मूत्रपिंडं आणि डोळे यांना त्रास देत राहतो. तेव्हा याच आठवड्यात उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. कुठल्या दिवशी कोण असतं ते आशाताईंना विचारा. आधी अर्धा तास चहा नको. लघवीला जाऊन या, पाच मिनिटं खुर्चीला पाठ टेकून, पावलं जमिनीवर ठेवून गप्प बसा, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवा आणि मग मोजू द्या. आणखी दोन वेगळ्या दिवशी असंच मोजा आणि आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा.

त्याच भेटीत रक्तातली साखर, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासायचं का, ते विचारा. साखर मी खांद्यामुळे म्हणतेय. चाळिशी ते साठीच्या दरम्यान खांदा आखडणं बायकांमध्ये बरंच दिसतं, आणि मधुमेह असेल तर त्याचं प्रमाण वाढतं. शरीराला नेमकं काय झालंय हे कळल्याशिवाय मी तुम्हाला आसनं सांगत बसले, तर तो तुमच्यावर अन्याय होईल. गोळी सुरू झाली तर ती घ्या. योग चालू आहे म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करणारी माणसं मी पाहिली आहेत. तसं कधीही करायचं नाही.

मिठाकडेही बघायला हवं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसासाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट छोटा चमचाभर, तेही दिवसभरातलं सगळं मिळून. आपल्याकडे पावसाळ्यात ताजी मासळी कमी, म्हणून खारा बांगडा निघतो, पेजेबरोबर लोणचं, खारातली कैरी, भाजलेला पापड. या चार गोष्टी एकाच ताटात आल्या की आमटीत मीठ नसलं तरी मर्यादा ओलांडलेली असते. एका जेवणाला यांतली एकच घ्या. पाहुण्यांच्या ताटाला हा नियम नाही, तो तुमच्या ताटाला आहे. आणि सगळ्यांचं आटोपल्यावर भांड्यात उरलेलं संपवायचं म्हणून जेवत असाल, तर तेही थांबवा. स्वतःचं ताट वाढून घ्या.

आता कपालभाती. ती बंद करा. हठयोगाच्या परंपरेत ती सहा शुद्धिक्रियांपैकी एक आहे, धौती, बस्ती, नेती यांच्या बरोबरीने सांगितलेली. घरी एकटीने मोबाईल समोर ठेवून सुरुवात करायची ही गोष्टच नव्हे. झपाट्याने श्वास फेकत राहिलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात आणि डोकं गरगरतं. त्या दिवशी तुमच्या शरीराने बरोबर इशारा दिला. रक्तदाबाचा निकाल लागेपर्यंत भस्त्रिका (भात्यासारखा जोराने श्वास घेणं-सोडणं), श्वास कोंडून धरणं, शीर्षासन, सर्वांगासन, डोकं खाली लोंबेल असं काहीच नको. सूर्यनमस्कारही सध्या नकोत. त्यात दोन्ही हातांवर शरीराचा भार येतो, आणि तुमचा उजवा खांदा तो घेण्याच्या स्थितीत नाही.

यापुढचं मात्र मला सविस्तर लिहायचंय.

‘काम हाच योग’ हे म्हणणाऱ्याला सोयीचं आहे. ऐकणारीच्या कंबरेला ते सोयीचं नाही. तुमचा दिवस पत्रावरून डोळ्यांसमोर आणून बघते. सकाळी खळं झाडताना पुढे वाकणं. ओट्याशी घावनं घालताना मान खाली. नारळ खवताना विळीवर पुढे झुकून उजव्या हाताचा जोर. वरच्या खोल्यांची फरशी पुसताना वाकणं, गाद्यांच्या चादरी ओढताना वाकणं, त्याच चादरी पिळताना पुन्हा उजव्या खांद्याला पीळ. यंदा बाई नव्हती, म्हणजे तिचंही वाकणं तुमच्या वाट्याला आलं. एवढ्या वेळात पाठ मागच्या बाजूला कधी गेली? हात डोक्याच्या वर कधी गेले? कपडे वाळत घालताना तेवढे, आणि पावसात तेही पडवीतल्या बुटक्या दोरीवर.

कष्ट खूप होतात, पण ते एकाच दिशेचे होतात. पुढच्या बाजूचे स्नायू आखडतात, मागचे ताणलेले राहून दुखतात, काही स्नायूंना तर दिवसभर कुणी विचारतच नाही. शिवाय काम करताना तुमचं लक्ष घड्याळाकडे आणि वरच्या खोलीतून येणाऱ्या हाकेकडे असतं. आसनात लक्ष स्वतःच्या अंगाकडे असतं, कुठे दुखतंय, कुठे सैल होतंय, श्वास कुठे अडतोय याकडे. दिवसातून पंधरावीस मिनिटं असं लक्ष स्वतःला देणं ही तुमची गरज आहे. एवढे कष्ट नसते तर कदाचित कमी लागलं असतं.

म्हणून तुम्हाला आणखी घाम नको. दिवसभरात जे वाकलंय ते उलट दिशेला हळूहळू मोकळं करायला हवं. हे डॉक्टरांना भेटून आल्यावर सुरू करा.

खिडकीचा कट्टा किंवा जिन्याचा कठडा, जे काही कंबरेच्या वर येतं, त्यावर दोन्ही तळहात ठेवा आणि एकेक पाऊल मागे जा. पाठ लांब होत जाईल. गुडघे किंचित वाकलेले चालतील. मान हातांच्या रेषेत ठेवा, डोकं खाली सोडू नका. खांदा ओरडला तर आणखी उंच आधार घ्या, भिंतीवर हात ठेवले तरी चालेल. पाच-सहा श्वास थांबा आणि चालत पुढे या. दिवसातून एकच गोष्ट जमणार असेल तर ही करा. हिला जागा लागत नाही, कपडे बदलावे लागत नाहीत, आणि दाराशी कुणी आलं तर लगेच उभं राहता येतं.

मग जमिनीवर चटई टाकून मार्जारासन, म्हणजे मांजरासारखं हात आणि गुडघे टेकून ओणवं व्हायचं. श्वास घेताना पाठ खाली, सोडताना वर, अगदी सावकाश, सात-आठ वेळा. हातांवर भार सोसत नसेल तर हेच खुर्चीवर बसून, तळहात मांड्यांवर ठेवून करा. त्यानंतर उताणं पडून गुडघे दुमडा आणि सेतुबंधासनात कंबर थोडीशीच वर उचला, श्वास न रोखता, तीन-चार वेळा. उंच उचलण्याची चढाओढ नको. पाठीखाली एक वीत जागा झाली तरी पुरे.

खांद्यासाठी डावा हात टेबलावर टेकून थोडं पुढे झुका, उजवा हात सैल लोंबकळू द्या आणि त्याचे छोटे गोल काढा. नंतर भिंतीसमोर उभं राहून बोटं भिंतीवरून वर चढवा, जिथे कळ येते त्याच्या जरा अलीकडे थांबा. आखडलेल्या खांद्याला महिने लागतात. कुणी चोळून, ओढून एका दिवसात मोकळा करून देतो म्हणालं, तर नको म्हणा.

आणि शेवटी, जमिनीवर पडून पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवा. डोक्याखाली घडी घातलेली चादर. हात अंगापासून जरा दूर, तळवे वर. दहा मिनिटं. कंबरेवरचा ताण उतरवायला याच्याइतकं सोपं दुसरं काही मला माहीत नाही. खुर्ची घेतली म्हणजे हा खरा योग नव्हे, असं कुणी म्हणेल. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांनी खुर्च्या, दोर, पट्टे, लाकडी ठोकळे यांच्या आधाराने आसनं शिकवली आणि ती पद्धत आज जगभर चालते. आधार घेऊन आसनात शांत राहता येत असेल, तर आधार घ्यावा.

वेळेचं. पाचव्या दिवशी सुटतं याला तुम्ही आळस समजताय. तसं नाही. तुम्ही निवडलेली वेळ अशी आहे की पाहुणे नसतील तरच ती तुमची. शिवाय तीनला जाग आलेल्या बाईने पाचला उठून सूर्यनमस्कार घालावेत, यात अंगाचा काही फायदा मला दिसत नाही. तुमची वेळ संध्याकाळी साडेपाचची. दुपारचं जेवण जिरलेलं असतं, रात्रीच्या स्वयंपाकाला अवकाश असतो, दिवेलागण व्हायची असते. त्या अर्ध्या तासात पाहुण्यांना चहा यजमानांनी द्यायचा. हे त्यांना स्पष्ट सांगा, उपकार मागतेय अशा आवाजात नको. खोल्यांचं उत्पन्न घरात येतं, ते ज्या अंगाच्या जिवावर येतं त्या अंगाची काळजी घेणं हे घरातल्या सगळ्यांचं काम आहे. एखाद्या दिवशी नाहीच जमलं तर फक्त खुर्चीवर पाय. तेही नाही जमलं तर दुसऱ्या दिवशी साडेपाचला पुन्हा. सुटलेल्या दिवसाची भरपाई करायची नाही.

श्वासासाठी मात्र वेगळी वेळ काढू नका. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना किंचित मंदावतात. म्हणून श्वास सोडणं लांबवलं की शरीर हळूहळू निवायला लागतं. नाकाने चार मोजून घ्या, नाकानेच सहा मोजून सोडा. असे सहा श्वास म्हणजे एक मिनिट, आणि तव्यावर घावन टाकून झाकण ठेवलं की ते उघडेपर्यंत साधारण तेवढाच वेळ जातो. तेवढ्या वेळात तुम्ही एरवी चटणी वाढायला धावता. पहिल्या दोन-तीन घावनांना धावू नका. उभ्या आहात तिथेच, दोन्ही पावलांवर सारखा भार ठेवून, खांदे खाली सोडून सहा श्वास घ्या. न्याहारीला दहा घावनं झाली तर त्यातली तीन तुमची. चहाचं आधण यायचं असतं तेव्हाही असंच. दिवसाच्या आतच असं चार-पाचदा थांबता आलं, तर संध्याकाळपर्यंत मस्तक तापत नाही.

तीन वाजताची जाग. तुमच्या वयात पाळी जायच्या सुमाराला झोप तुटते, अंगातून वाफा येतात, चिडचिड वाढते. तसं होत असेल तर डॉक्टरांशी उघड बोला, त्यावर उपाय आहेत. दुसरं, चहा मोजा. प्रत्येक पाहुण्याबरोबर अर्धा-अर्धा कप होत असेल तर दिवसाचा हिशेब मोठा निघेल. चहातलं कॅफिन निम्मं उतरायलाच चार-पाच तास लागतात, त्यामुळे दुपारी तीननंतर तुमचा चहा बंद, कोकमाचं पाणी घ्या, बिनमिठाचं. तिसरं, रात्री आवराआवर झाली की उद्याची कामं वहीत लिहा, सिलिंडरपासून सगळी, आणि वही स्वयंपाकघरातच ठेवा. बुकिंगचा मोबाईल रात्री नऊनंतर यजमानांकडे किंवा ओटीवर, उशाशी नको.

तरीही जाग आली तर घड्याळ बघू नका. बराच वेळ तळमळ झाली तर अंथरूण सोडून माजघरात येऊन बसा, दिवा मंद ठेवा. ओठ मिटून श्वास सोडताना हलकासा गुंजारव करा, भ्रामरी, कुणाची झोप मोडणार नाही इतक्या बारीक आवाजात. डोळे जड झाले की परत जाऊन पडा. विचार आले तर येऊ देत. त्यांच्याशी हुज्जत घालायची नाही, ‘हा सिलिंडरचा, हा भाड्याचा’ असं मनात म्हणायचं आणि पुन्हा आवाजाकडे यायचं. सुरुवातीला दर दोन श्वासांनी मन पळेल. ते परत आणणं हाच सराव आहे.

सासूबाईंवर ओरडलात, त्याची लाज मनात बाळगून रोज स्वतःला टोचत राहण्यापेक्षा एकदा जवळ बसून म्हणा, ‘आई, त्या दिवशी चुकलं माझं, जीव थकला होता.’ राग येण्याआधी तुमच्या अंगात काय होतं ते बघायला शिका, दात आवळले जातात की मान ताठते. तेवढं कळलं की हातातलं भांडं खाली ठेवा आणि एक लांब श्वास सोडा. दर वेळी जमणार नाही, काही वेळा जमेल. संध्याकाळी साडेपाचला त्यांनाही बोलवा. खिडकीचे गज धरून टाचा उचलायच्या आणि हळू टेकवायच्या, आठ-दहा वेळा, तुमच्यापैकी कुणीतरी शेजारी उभं राहून. त्या वयात पडणं टाळायला तोल सांभाळण्याचा सराव फार लागतो.

‘कुठेतरी निघून जावं’ असं तुम्ही लिहिलंय. थकलेल्या माणसाला दोन दिवस घर सोडून माहेरी जावंसं वाटतं, त्यात काही वावगं नाही, आणि तसं असेल तर खरंच जा. पण त्या वाक्यात जगणंच नको असा अर्थ असेल, किंवा दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच मन लागत नसेल, खाणं नकोसं होत असेल, तर हे पत्र बाजूला ठेवून आजच कुणाशी तरी बोला. घरात ज्यांच्यावर विश्वास आहे त्यांना सांगा, आणि १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक लावा. सरकारी सेवा आहे, मोफत, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. मनाच्या आजाराला औषध लागतं तेव्हा औषधच लागतं. योग त्याच्या सोबतीने चालू शकतो, त्याच्या जागी नाही.

चालण्याबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, तरी लिहिते. आठवड्याला निदान १५० मिनिटं जरा भरभर चालणं रक्तदाबाला आणि झोपेला दोन्हीला उपयोगी पडतं, म्हणजे रोजची वीस-बावीस मिनिटं. घरातल्या घरात झालेल्या फेऱ्या यात धरू नका. पाऊस असेपर्यंत रस्त्याने चाला. पाऊस ओसरल्यावर ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर, ओल्या घट्ट वाळूवरून. सुक्या मऊ वाळूत पाय रुततो आणि कंबरेला हिसके बसतात. वाळू समुद्राकडे उतरती असते, म्हणून जेवढं जाल तेवढंच परत या, म्हणजे दोन्ही पायांवर सारखा ताण येतो. तुमच्या पाहुण्यांना दाखवायला म्हणून नव्हे, नुसता स्वतःसाठी समुद्र तुम्ही शेवटचा कधी पाहिलात? लोक पुण्या-मुंबईहून पैसे खर्चून त्यासाठी तुमच्या दारात येतात.

गणपतीच्या दिवसांत हे सगळं करायचा प्रयत्न करू नका. घावनावरचे सहा श्वास आणि रात्री खुर्चीवर पाय, एवढंच. मोदक वळायला बसाल तेव्हा बुडाखाली जाड घडी घ्या, म्हणजे कंबर गोल होत नाही, आणि दर वीस-पंचवीस मोदकांनी उठून एकदा खिडकीचा कट्टा धरा. अठरा माणसांत हात असणारी पुष्कळ असतील. चादरी, भांडी, केर ही कामं आल्या दिवशीच नाव घेऊन वाटून द्या. चाकरमानी पोरांना सांगितलं तर ती करतात, कुणी सांगत नाही म्हणून बसून राहतात.

गणपती झाल्यावर पुण्याला मुलाकडे जाणं झालं तर एक विचार करा. लोणावळ्याचं कैवल्यधाम १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी सुरू केलं, मुंबईत सांताक्रूझची योग संस्था १९१८ साली सुरू झालेली. दोन्हीकडे राहून शिकण्याची सोय आहे. चार-पाच दिवस जाणत्या माणसासमोर आसन करून चुका दुरुस्त करून घेतल्या, तर मोबाईलसमोरच्या कित्येक सकाळी वाचतात. दसरा-दिवाळीची गर्दी सुरू व्हायच्या आधीचे दिवस त्यासाठी बरे.

रक्तदाबाचे तीन आकडे, साखर, आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला लिहून कळवा. गोळी सुरू झाली असेल तर तिचं नावही लिहा. ते बघून पुढची आसनं सांगते.